टोकन एकच



या सदरात मी आजवर ठेवींच्या मुदती, वारसनोंद, मृत्युपत्र, तारण आणि जामीन अशाच विषयांवर लिहीत आलो. जन्मभर ज्या टेबलामागे बसलो, त्याच टेबलावरचे हे विषय. परंतु गेल्या दोन महिन्यांत तीन भगिनींचे दूरध्वनी आले आणि तिघींचाही प्रश्न बँकेचा नव्हता. ‘तुम्ही रविवारी मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवता आणि मुले हसत घरी जातात असे ऐकले. आमच्याकडे तर व्याकरणाचे पुस्तक उघडले की रडारड सुरू होते. नेमके काय करता ते एकदा लिहा ना,’ असा त्यांचा आग्रह होता. मी शिक्षक नव्हे. एम.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि तेथूनच निवृत्त झालो. म्हणून पुढे जे लिहितो आहे त्याला कोणी अधिकारवाणी समजू नये. सांगलीतील आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेली चार वर्षे जे घडत आले, त्याचा हा हिशेब आहे. या हिशेबात माझी स्वतःची एक जुनी थकबाकीही आहे. तीही योग्य ठिकाणी मांडीन.

आमच्या गच्चीवर चौथी ते सातवीतील आठ-नऊ मुले रविवारी सकाळी तासभर जमतात. बहुतेक सारी सेमी-इंग्रजी शाळांतील, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून. आमच्या पिढीला इंग्रजीची अक्षरे पाचवीत दिसली. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आले, त्यामुळे या मुलांच्या कानांवर ते लवकर पडते हे खरे. परंतु कानावर पडणे निराळे आणि जिभेवर येणे निराळे. आमचे शिक्षण झाले ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि पुढे रेन व मार्टिन यांच्या जाडजूड व्याकरणावर. त्यांपैकी रेन हे गृहस्थ मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते आणि १९२४ साली त्यांनी ‘बो जेस्ट’ ही वाळवंटातील शिपायांच्या साहसाची कादंबरी लिहून मोठे नाव मिळवले, हे मला निवृत्तीनंतर कळले. ज्याने आम्हाला कर्मणी प्रयोगाची शेकडो वाक्ये घोटायला लावली, तो माणूस मनातून किल्ल्यांवरच्या लढाया रंगवीत होता, याची मला अजूनही गंमत वाटते. त्या पुस्तकांची मी निंदा करणार नाही. माझे सारे कार्यालयीन इंग्रजी त्यांच्याच ऋणात आहे. मात्र त्या पुस्तकांत आधी नियम येई, मग उदाहरण आणि शेवटी रिकाम्या जागा. गच्चीवर आम्ही उलट्या दिशेने जातो. आधी खेळ, मग मुलांच्याच तोंडून नियम आणि अखेरीस वहीत पाच वाक्ये. ही पाच वाक्ये मी कोणालाही माफ करीत नाही.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या इमारतीतील एक माउली आपल्या सहावीतल्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा हुशार, गणितात पुढे, पण इंग्रजीत तोंड उघडीना. सुट्टी संपून शाळा सुरू झाली तेव्हा वर्गात प्रत्येकाला सुट्टीविषयी बोलायला सांगितले होते. याने उभे राहून ‘आय डिड नॉट वेंट एनीव्हेअर’ असे म्हटले आणि सारा वर्ग हसला. शिकवणारेही हसले. तेव्हापासून तो ‘येस’ आणि ‘नो’ या दोन शब्दांवर भागवीत होता. ‘काका, याला फक्त बोलता करा, मार्कांचं राहू द्या,’ असे त्या म्हणाल्या.

‘डिड’च्या पुढे क्रियापदाचे मूळ रूप येते, हा नियम त्या मुलाला पाठ होता. मला त्याने तो धडाधड म्हणून दाखवला. म्हणजे नियम माहीत नसणे ही अडचण नव्हतीच. नियम डोक्यात एका कप्प्यात होता आणि बोलणे दुसऱ्या. हे दोन कप्पे एकमेकांना जोडावेत कसे याचा विचार करीत असताना मला एकदम बँकेतील पितळी टोकन आठवले.

तरुण वाचकांनी ते पाहिले नसेल. पूर्वी धनादेश वटवायला माणूस आला की खिडकीवरचा कारकून धनादेश ठेवून घेई आणि त्याला क्रमांक कोरलेले एक पितळी टोकन देई. धनादेश आत खातेवहीवर जाई, अधिकाऱ्याची सही होई आणि मग रोखपाल क्रमांक पुकारी. ज्याच्या हाती टोकन, त्यालाच रक्कम. धनादेश एक, टोकन एक आणि रक्कमही एकदाच. एखादे टोकन हरवले तर शाखेत केवढी धावपळ होई, ते आम्हालाच ठाऊक.

तेच मी गच्चीवर आणले. खरे टोकन माझ्याकडे असणे शक्यच नव्हते, म्हणून कॅरमचा स्ट्रायकर घेतला. तीन मुलांना ‘ही’, ‘प्ले’ आणि ‘क्रिकेट’ अशा पाट्या देऊन ओळीत उभे केले. कर्ता ‘ही’ असल्यामुळे टोकन ‘प्ले’च्या हाती. ज्याच्या हाती टोकन, त्याने शेवटी ‘एस’चा आवाज काढायचा. तेव्हा वाक्य झाले, ‘ही प्लेज क्रिकेट’. आता नकार द्यायचा. त्यासाठी ‘डू’ आणि ‘नॉट’ अशी आणखी दोन मुले मध्ये शिरली. ‘डू’ हा खिडकीवर नव्याने बसलेला कारकून. तो आला की पहिले काम करतो ते ‘प्ले’च्या हातातील टोकन काढून घेण्याचे. टोकन हाती आल्याबरोबर ‘डू’चा ‘डझ’ झाला आणि रिकाम्या हाताचा ‘प्ले’ पुन्हा साधा ‘प्ले’ राहिला. ‘ही डझ नॉट प्ले क्रिकेट’. प्रश्न विचारायचा असेल तर ‘डझ’ टोकन घेऊन सर्वांच्या पुढे पळत जातो, ‘डझ ही प्ले क्रिकेट?’ एकदा मुलांनी हे हाताने केले, की ‘डझ ही प्लेज’ असे कोणी म्हणताच बाकीची मुले ओरडतात, ‘एकाच टोकनावर दोनदा रक्कम!’

भूतकाळासाठी मी कॅरमची लाल सोंगटी, म्हणजे राणी, टोकन म्हणून दिली. ‘गो’च्या हाती राणी आली की तो ‘वेंट’ होतो. ‘डिड’ आला की राणी त्याच्याकडे जाते आणि ‘वेंट’ला पुन्हा ‘गो’ व्हावे लागते. त्या दिवशी ‘गो’ची पाटी मुद्दाम त्या मुलाला दिली होती. ‘डिड’ झालेल्या पाचवीतल्या मुलीने त्याच्या मुठीतून राणी अक्षरशः हिसकावून घेतली. तो क्षणभर रिकाम्या हाताकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘म्हणजे आजोबा, मी त्या दिवशी वर्गात दोनदा पैसे काढले!’ आणि हसला. वर्गात घडलेल्या त्या गोष्टीवर तो स्वतः हसलेला मी प्रथमच पाहिला.

पुढे एक दिवस ‘ही कॅन प्लेज’ का नाही, असा प्रश्न आला. ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ ही मंडळी शाखा व्यवस्थापक आहेत, असे मी सांगितले. ते स्वतः टोकन घेत नाहीत आणि ते असेपर्यंत दुसऱ्या कोणालाही खिडकीवर टोकन मिळत नाही. माझ्या ओळखीच्या एक-दोन व्यवस्थापकांना हे वर्णन तंतोतंत लागू पडते, पण तो विषय वेगळा.

दुसरा खेळ याहून सोपा आहे आणि तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्याही करता येतो. ‘वाघाने’, ‘शेळीला’, ‘पाहिले’ अशा तीन पाट्या तीन मुलांना द्याव्यात आणि त्यांना वाटेल तसे उभे राहू द्यावे. ‘शेळीला वाघाने पाहिले’, ‘पाहिले वाघाने शेळीला’. कसेही उभे राहा, पाहणारा वाघच राहतो, कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय त्यांच्या अंगाला चिकटलेले आहेत. आता ‘टायगर’, ‘सॉ’, ‘गोट’ अशा पाट्या द्या. ‘द टायगर सॉ द गोट’. मग वाघाला आणि शेळीला जागा बदलायला सांगा. शब्द तेच, पण आता शेळीने वाघाला पाहिले. आमच्याकडे शेळी झालेल्या मुलीने विचारले, ‘मग आता मी पळू का?’ मराठीत शब्दाची ओळख त्याच्या अंगावरच्या प्रत्ययाने पटते, इंग्रजीत तो कोठे उभा आहे यावरून पटते, हे एवढ्या दोन मिनिटांत चौथीतल्या मुलालाही कळते. याच खेळाच्या शेपटाला ‘टेबलाखाली’ आणि ‘अंडर द टेबल’ जोडून द्यावे. आपले ‘खाली’ नामाच्या मागे चालते, त्यांचे ‘अंडर’ पुढे चालते. एक डबा आणि एक चिंचोका घेऊन हा सारा भाग एका बैठकीत संपतो.

‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांना मात्र वेळ द्यावा लागतो, कारण आपल्या भाषेत त्यांचे सगेसोयरे नाहीत. तरीही अगदीच परके नाहीत. ‘एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.’ यातील पहिला ‘एक’ म्हणजे इंग्रजीतील ‘अ’ आणि दुसऱ्यांदा आलेला ‘त्या’ म्हणजे ‘द’. पूर्वी बँकेत नवे खाते उघडायला आलेला गृहस्थ प्रथम ‘कोणी एक’ असे. त्याचा परिचय करून द्यायला दुसरा खातेदार लागत असे. पुढच्या वेळी मात्र आपण ‘या अण्णा, बसा’ असे म्हणत असू. पहिल्या भेटीला ‘अ’, ओळख झाल्यावर ‘द’. आम्ही मुलांना गोष्ट सांगायला लावतो आणि नवे पात्र प्रथम आले की सर्वांनी एक टाळी वाजवायची, तेच पात्र पुन्हा आले की दोन. ‘अ’ आणि ‘ॲन’ यांचा निर्णय डोळ्यांनी न करता कानांनी करायचा असतो. म्हणून ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिफॉर्म’. मुलांना सर्वांत आवडलेले उदाहरण आपल्या लाल डब्याचे आहे. ‘अ स्कूल बस’, परंतु ‘ॲन एस.टी. बस’, कारण ‘एस’ उच्चारताना तोंडातून आधी ‘ए’ बाहेर पडतो. त्या दिवशी मुले बसथांब्यापर्यंत पाट्या वाचीत गेली. नदी ‘द कृष्णा’ आणि गाव मात्र नुसते ‘सांगली’ असे का, या प्रश्नावर मी रूढी म्हणून हात जोडले. मुलांपुढे हात जोडण्यात काही कमीपणा नसतो.

या सर्व खेळांमागे माझी एक श्रद्धा आहे आणि ती अनुभवाने पक्की होत गेली. व्याकरण आपण मुलाच्या डोक्यात नव्याने भरत नसतो. ते तेथे आधीच असते. पाच वर्षांचे मराठी मूल ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी केळे खाल्ले’ असे बिनचूक बोलते. खाणारा एकच, क्रिया एकच, पण खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे क्रियापद वळते, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. ‘बस आली’, ‘ट्रक आला’, ‘विमान आले’ हेही तसेच. इंग्रजीत या तिन्हींना एकच ‘केम’ आणि त्या तिन्हींना एकच ‘एट’ पुरते. गच्चीवर मी हे पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडतो आणि विचारतो, सांगा, अवघड भाषा कोणती? मुले एकमेकांकडे पाहतात. जी भाषा अवघड ती आपल्याला येते, हे त्यांना तोवर कोणी सांगितलेलेच नसते.

मुलांना नियम न शिकवता येतात हे एका अमेरिकन संशोधिकेने फार सुंदर रीतीने दाखवून दिले आहे. त्यांचे नाव जीन बर्को. १९५८ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी लहान मुलांना एका कल्पित पक्ष्याचे चित्र दाखवले आणि सांगितले, हा एक ‘वग’. आपल्याकडे वग म्हटले की तमाशातला वग आठवतो, पण हा शब्द इंग्रजीत कोठेच नव्हता, बाईंनी तो घडवला होता. मग दोन पक्ष्यांचे चित्र दाखवून विचारले, आता हे दोन कोण? शाळेत जेमतेम जाऊ लागलेल्या बहुतेक मुलांनीही ‘वग्ज’ असे उत्तर दिले. जो शब्द जगात कोणी उच्चारलेला नाही, त्याचे अनेकवचन पाठांतराने येणे अशक्य. म्हणजे नियम त्या मुलांच्या आत होता. हा प्रयोग आम्ही मराठीत केला. एक टिंबका, दोन? ‘टिंबके!’ एक गुबली, दोन? ‘गुबल्या!’ एक फटुकले, दोन? ‘फटुकली!’ गच्चीवर एकच गोंधळ. चौथीतल्या मुलालाही एकदाही अडखळावे लागले नाही. वाचकांनी हा खेळ जेवताना अवश्य करून पाहावा. फक्त पुढे आठ दिवस घरात फटुकली वावरतील, याची तयारी ठेवावी.

यावरून एक गोष्ट ओघानेच येते. लहान मूल ‘मी करलं’ म्हणते तेव्हा ते चुकलेले नसते, ते नियमाने चाललेले असते. ‘धर’चे ‘धरलं’ होते तर ‘कर’चे ‘करलं’ का नको? इंग्रज मूलही ‘गोएड’ म्हणते ते याच न्यायाने. चुकार आहेत ती क्रियापदे, मूल नव्हे. आणि चुकार क्रियापदे बहुधा तीच असतात, जी भाषेत सर्वांत जुनी आणि रोजच्या वापरातली आहेत. ‘गो’चे ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचे रूप, ते उसने आणून येथे बसवले आहे. आपलेही तसेच. ‘जा’ एका संस्कृत धातूपासून आला आणि ‘गेला’ दुसऱ्या. दोन्ही भाषांनी एकाच क्रियापदाच्या बाबतीत एकच लबाडी केली आहे. हे सांगितले की ‘वेंट’ पाठ करण्याचा मुलांचा राग निम्मा कमी होतो. उरलेल्या निम्म्यासाठी आम्ही अशा हट्टी क्रियापदांचे पत्ते केले आहेत आणि त्यांनी भिकार-सावकार खेळतो. पत्ता टाकताना रूप सांगता आले नाही तर समोरच्याला दोन पत्ते द्यायचे. यात मी नेहमी भिकार होतो, हे येथे नमूद करतो.

आता ती थकबाकी.

१९९४ साली माझी बदली कोकणातील एका शाखेत झाली. बिऱ्हाड सांगलीतच ठेवले होते. चिरंजीव तेव्हा सातवीत होते. मी जाताना बजावले होते, ‘मला दर आठवड्याला इंग्रजीत पत्र लिहायचे, म्हणजे तुझे इंग्रजी सुधारेल.’ मुलाने लिहिलीही. निळ्या अंतर्देशीय पत्रावर, मोठ्या अक्षरांत. ती पत्रे मी रात्री खानावळीतून आल्यावर वाची. वाची म्हणण्यापेक्षा तपाशी म्हणणे अधिक खरे, कारण दिवसभर खातेवह्या तपासून हाताला दुसरी सवयच उरली नव्हती. लाल शाईने दुरुस्त्या करून तेच पत्र पाकिटात घालून मी परत पाठवीत असे. खाली एकूण चुकांची संख्या लिहून सही. पाचव्या की सहाव्या पत्रानंतर त्याचे इंग्रजी पत्र येणे थांबले. पुढे सौभाग्यवतींच्या मराठी पत्राखाली ‘बाबांना नमस्कार’ अशी एक ओळ तेवढी त्याच्या हाताची असे. अभ्यास वाढला असेल, असे मी समजलो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात ती पत्रे सापडली. सौभाग्यवतींनी चष्मा लावून एक वाचले आणि माझ्यापुढे धरले. त्यात मुलाने लिहिले होते, ‘यस्टरडे आय फॉल्ड फ्रॉम सायकल.’ मी ‘फॉल्ड’भोवती लाल वर्तुळ करून वर ‘फेल’ लिहिले होते. ‘सायकल’च्या आधी ‘द’ घातला होता. शेवटी, ‘एकूण चुका ११.’ सौभाग्यवती म्हणाल्या, ‘अहो, पोराला कुठं लागलं ते तुम्ही विचारलंच नाही यात.’

मी ते पत्र उलटसुलट करून पाहिले. खरोखरच कोठे विचारलेले नव्हते.

त्या रात्री चिरंजीवांना पुण्याला दूरध्वनी केला. त्यांचे इंग्रजी उत्तम आहे, कचेरीचा सारा व्यवहार त्याच भाषेत चालतो. तेव्हा माझ्या लाल शाईने त्यांचे काही फार बिघडले, असा माझा दावा नाही. पत्राचे सांगितले तेव्हा ते हसले. मी विचारले, ‘कुठे लागले होते रे?’ पलीकडे क्षणभर शांतता होती. मग म्हणाले, ‘डाव्या गुडघ्याला, बाबा. चार टाके पडले होते. खूण आहे अजून.’ चार टाक्यांची गोष्ट मला छत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणीच सांगितली नव्हती. म्हणजे त्यांनी सांगितली होती, मीच ‘द’ शोधीत बसलो होतो.

गच्चीवरचा वर्ग त्यानंतरच्या सुट्टीत सुरू झाला. तेथे लाल पेन आणायचे नाही, हा माझा मलाच घातलेला नियम आहे. याचा अर्थ चूक तशीच सोडून द्यावी, असा मात्र नव्हे. तसे केले तर ती पक्की होते आणि पुढे उपटणे कठीण जाते. आम्ही करतो ते असे. मुलाने ‘आय गोएड टू मिरज’ म्हटले तर मी म्हणतो, ‘ओह, यू वेंट टू मिरज! हू वेंट विथ यू?’ बरोबर रूप दोनदा त्याच्या कानांवर पडते, बोलण्याचा धागा तुटत नाही आणि मिरजेला कोण कोण गेले होते तेही कळते. बहुतेक मुले तिसऱ्या वाक्याला स्वतःच ‘वेंट’ म्हणतात. न म्हटले तर पुढच्या रविवारी ‘वेंट’चा पत्ता पुन्हा खेळात येतो. घरी हे करणे आयांना आणि आजींना सहज शक्य आहे. त्यासाठी इंग्रजी फार यावे लागते असेही नाही. आमच्या शेजारच्या आजी केवळ ‘देन?’ एवढाच एक इंग्रजी शब्द वापरून नातीकडून दहा वाक्ये काढतात. परीक्षेची तयारी, शुद्धलेखन, वाचन हे सारे याखेरीज करावे लागतेच. गच्चीवरच्या तासाभरात ते होत नाही आणि होईल असे मी कोणाला सांगत नाही. मोबाईलवर व्याकरणाचे खेळ असतात, तेही वाईट नसावेत. पण मोबाईल चूक-बरोबर सांगून पुढे जातो, मिरजेला कोण गेले होते ते विचारीत नाही.

तो दोनदा पैसे काढणारा मुलगा आता नववीत आहे आणि रविवारी लहानांना टोकनचा खेळ तोच शिकवतो. पण मला लिहावयाचे आहे ते त्याच्या पहिल्या वर्षाचे. दिवाळीनंतरच्या रविवारी तो लवकर आला. वहीचे पान पुढे केले आणि जरा दूर जाऊन उभा राहिला. पाच वाक्ये सांगितली होती, त्याने बारा लिहिली होती. आजोबांच्या गावी, कवठ्याकडे, सुट्टीत जे घडले ते. तिसरेच वाक्य होते, ‘ॲट नाइट अवर काउ गिव्ह्ड बर्थ.’ पुढेही तीन ठिकाणी अशीच गडबड होती. माझा हात सवयीने सदऱ्याच्या खिशाकडे गेला, हे कबूल करतो. खिशात पेन नव्हते.

मी बाराही वाक्ये वाचून काढली आणि विचारले, ‘खोंड की कालवड?’

‘कालवड!’ तो जवळ येऊन बसला. ‘आजोबा, तिच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, असा, चांदीच्या रुपयाएवढा. आणि ती रात्री दोनला झाली, मी जागा होतो. कंदील मी धरला होता.’

‘टेल मी इन इंग्लिश,’ मी म्हणालो. ‘हू हेल्ड द लँटर्न?’

‘आय,’ तो म्हणाला, आणि थांबला. मग हाताची मूठ वळून, जणू तीत राणी आहे अशा रीतीने ती माझ्यापुढे धरून म्हणाला, ‘आय हेल्ड द लँटर्न.’